तिसरा सायलेन्सर

बाबलीने तिसऱ्या सायलेन्सरचा नट आवळला, फडक्याला हात पुसले आणि बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. मंगेश बाकावर बसून ऐकत होता.

पिंगुळीच्या रस्त्यावरच्या त्या गॅरेजात तो तासभर होता. त्याच्या क्रूझर मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर खाऱ्या हवेने तळाशी कुजला होता. बाबलीने आधी एक आखूड, काळा लावून दाखवला. मग एक लांब, चकचकीत. तो जुन्यासारखाच घुमायचा आणि बाबलीच्या मते गाडीला तोच शोभत होता. मंगेशने किंमत विचारली नाही, गॅरंटी विचारली नाही. जुन्यापेक्षा सगळ्यात वेगळा आवाज कुठल्याचा, एवढंच विचारलं.

"ह्या तिसऱ्याचो," बाबली म्हणाला. "पण बारीक आवाज. गाडयेक शोभणा नाय."

"तोच ऱ्हवांदे."

श्रावणात मंगेशची बायको सारिका तापाने गेली. त्यानंतरही, गाडी घराच्या चढणीला लागली की त्याची आई सुशीलाबाई ओटीवरून आत हाक मारायची, "सारिका गो, मंगेश इलो." सुशीलाबाईंना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, आता त्यांचं डोकंही ठिकाणावर नाही, असं मंगेशने धरलं होतं. दोनदा त्याने समजावून पाहिलं. दोन्ही वेळा त्या 'हां' म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. ती ऐकून त्याला रडू येत नसे, रागही येत नसे. तो हातपाय धुई, जेवे, आडवा होई. फक्त ती हाक नको झाली होती.

आज गाडी चढण चढून घरापुढच्या खळ्यात थांबली. हाक आली नाही.

सुशीलाबाई ओटीवर कुळीथ निवडत होत्या. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि पदर सारखा केला.

"कोण ता? मंगेश घराक नाय. येतलो इतक्यात. बसा."

मंगेश पायरीवर बसला.

पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून सुशीलाबाई बोलू लागल्या. मुलगा आला की मी सुनेला हाक मारीन, तेव्हा दचकू नका, म्हणाल्या. सून श्रावणातच गेली.

"तो तिचा नाव घेणा नाय," त्या म्हणाल्या. "म्हणान मीच घेतंय. घरात कोणी तरी घेवक होया."

मंगेश आपल्या हातांकडे पाहत राहिला. गाडीचा तापलेला पत्रा मागे टिकटिकत थंड होत होता.

"तुमी खंयसून इलात?" सुशीलाबाईंनी पाहुण्याला गाव विचारलं.

"सारिका," मंगेश म्हणाला.

सुपातला हात थांबला. सुशीलाबाईंनी सूप उचलून मांडीवर घेतलं आणि थोडं सरकून शेजारी जागा केली.