गल्लीतलं सर्वांत शहाणं लेकरू

आमच्या गल्लीत लेकरांची तुलना फार सोपी होती. एका बाजूला चारुलता आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळी. बाकी सगळ्यांत माझा योगराज पहिला, हे मला रोज कुणी ना कुणी सांगायचं. मी कुणाला विचारलेलं नसायचं.

चारुलता तीन वर्षांची, शेजारच्या कलाअक्कांची नात. तिची आई सविता आणि बाप प्रशील दोघंही अमळनेरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सकाळी जायचे, दिवेलागणीला यायचे, त्यामुळे पोर दिवसभर आजीच्या कडेवर. आणि कलाअक्का तिला अशा मिरवायच्या की जणू शहाणं लेकरू अख्ख्या तालुक्यात एकच जन्मलं आणि ते त्यांच्या घरी.

मिरवण्यासारखं होतंही. विहारात वंदना चालू झाली की बाकीची लेकरं खांबाला शिवून पळायची. चारुलता आजीच्या मांडीवर हात जोडून बसायची, आणि वंदना संपून लोक चपला शोधायला लागले तरी तिचे हात जोडलेलेच असायचे. कुणी वारलं आणि त्या घरी बसायला जायचं झालं की आम्ही बायका आपापली कार्टी शेजारणीकडे टाकून जातो. कलाअक्का चारुलताला खुशाल सोबत न्यायच्या. लग्नाच्या पंगतीत वाढलेल्या ताटाकडे ती नुसती बघत राहायची. हातात फुगा दिला तर धरून ठेवायची, सुटला तर जाऊ द्यायची.

"मनी नात भलती गरीब शे," कलाअक्का म्हणायच्या. म्हणजे स्वभावाने. दुसऱ्या प्रकारे गरीब असण्याचं आमच्या गल्लीत कुणाला कौतुक नव्हतं, तसे सगळेच होते.

वळण लागावं म्हणून बायका आपली लेकरं तिच्या शेजारी आणून बसवायच्या. मीही योगराजला बसवला. भाजी फोडणीला टाकून परत येते तर त्याने तिच्या फ्रॉकची नाडी बाजेच्या पायाला बांधून ठेवली होती. ती तशीच बसून होती. सुटायची खटपट नाही की तोंडातून ब्र नाही. मी योगराजला बदडला आणि कलाअक्का माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जसं पहिल्या आलेल्या पोराची आई शेवटून पहिल्या आलेल्याच्या आईकडे बघते.

चारुलताची एकच खोड होती. मागच्या मातीच्या भिंतीचा पोपडा नखाने काढून ती खायची. मी एकदा अक्कांना तसं बोलून दाखवलं.

"मेघा, किसनदेवनी माती खादी तवय तुमले चालनं ना," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरात किसनदेव नाही, माझ्या घरात आहे. मी भाजीच्या भावाचा विषय काढला.

मग एक दिवस अंगणवाडीत आरोग्य पथकाची गाडी आली. सोबत किरण नावाच्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. लेकरांच्या बोटाला सुई टोचून रक्त तपासायचं होतं. योगराज सुई बघताच खिडकीतून पळाला. त्याला धरून आणायला तीन बायका लागल्या. चारुलताचा नंबर आला तेव्हा तिने आपण होऊन बोट पुढे केलं. सुई टोचली तरी बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. जमलेल्या बायका हळहळल्या, म्हणजे आपापल्या नशिबावर. कलाअक्कांनी पदर नीट केला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र कौतुक केलं नाही. त्यांनी चारुलताच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. तिचा तळहात आपल्या तळहाताशेजारी धरला. एक हात हातासारखा होता, दुसरा भिजवलेल्या पोह्यासारखा पांढरा.

"आजी, ही रडते का कधी?"

"नही."

"पळते? कुणाशी भांडते?"

"नही व माय. समजदार शे ती."

"आजी, ही समजदार नाही. ही दमलेली आहे."

जमलेल्या बायकांनी माना वळवल्या. योगराजही हातपाय झाडायचा थांबला.

"दमनी?" कलाअक्का म्हणाल्या. "तीन वरीसनी पोर काय काम करीसन दमनी?"

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. रक्त अकराच्या वर पाहिजे, हिचं साडेसात आहे. अंगात लोह नाही. माती खाते ती त्यामुळेच. आहे तेवढी ताकद हे लेकरू पुरवून पुरवून वापरतंय, म्हणून पळत नाही, मागत नाही. "रडायलाही अंगात जोर लागतो, आजी," त्या म्हणाल्या. त्यांनी जंताची गोळी दिली, लोहाच्या औषधाची बाटली दिली, आणि बजावलं की हे औषध दुधात घालून द्यायचं नाही, दुधात दिलं तर अंगी लागत नाही.

घरी येताना कलाअक्का वाटभर एकच बोलत होत्या. "लोकेसले शहाणं लेकरू देखवत नही."

संध्याकाळी सविता कामावरून आली, तिने सगळं ऐकलं आणि डोक्यातला कापूस न झटकताच उंबऱ्यावर बसली. बाटली हातात फिरवत राहिली. मग सासूला म्हणाली, "आत्याबाई, एक दिन बी चुकाडू नका."

कलाअक्का कितीही फुगल्या तरी शब्दाच्या पक्क्या. दुसऱ्या दिवसापासून औषध सुरू झालं. त्याची चव कुलूप चाटल्यासारखी लागते, मी चाखून पाहिलंय. योगराज असता तर त्याने ते भिंतीवर थुंकलं असतं. चारुलता थुंकायची नाही, नुसतं ओठाच्या कोपऱ्यातून वाहू द्यायची. निम्मं औषध फ्रॉकवर. दोनतीन दिवसांत शी काळी झाली तेव्हा कलाअक्का घाबरून माझ्याकडे आल्या, पण अंगणवाडीच्या बाईंनी तसं होतंच म्हणून सांगितल्यावर पुन्हा नेटाने लागल्या. औषध वाया जाऊ नये म्हणून त्यांनी युक्ती काढली. चारुलता एक गोष्ट मात्र मन लावून प्यायची, ती म्हणजे चहा. सकाळी चहात बेकरीतला बटर बुडवून, दुपारी चहात बटर बुडवून. भाकरीला तोंड लावायची नाही, पण चहाची बशी दोन्ही हातांनी धरायची. मग औषध चहातच का देऊ नये? फक्त दुधाचं पथ्य होतं. त्यासाठी कलाअक्का नातीचा चहा वेगळा, कोरा करायला लागल्या. चांगला कडक, रंग यावा म्हणून खूप वेळ उकळलेला.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणतो. इथे गणपती करणारी बाई रोज अंघोळ करून, देवाच्या कामाला बसावं तशी बसत होती. एक दिवस चुकवला नाही.

पुढच्या खेपेला गाडी आली, बोट टोचलं, रक्त सातवर आलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा टोचून पाहिलं. पुन्हा सात. त्या प्रशील आणि सविताला बोलावून म्हणाल्या की पुढच्या तपासणीत आणखी उतरलं तर धुळ्याला नेऊन रक्त चढवावं लागेल. तोवर तापबिप आला तर तिच्या हृदयाला झेपणार नाही. त्या दिवशी प्रशील कामावर गेला नाही. दारात बसून तो लेकीकडे बघत होता आणि लेक भिंतीकडे.

कलाअक्कांचं तोंड उतरलं. विहारात जाणं बंद, गल्लीत बसणं बंद. रात्री-अपरात्री पोरीच्या छातीवर हात ठेवून बघतात, असं सविता मला म्हणाली. औषध कमी पडत असेल असं त्यांनी मनाशी धरलं. पण औषध वाढवायचं नाही अशी ताकीद होती. म्हणून त्यांनी चहा वाढवला.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाई स्वतःच घरी आल्या. औषध देऊनही रक्त का उतरतंय, हे त्यांना कळत नव्हतं. मी भिंतीआडून आवाज ऐकला आणि गेले. शेजारधर्म म्हणा, चौकशी म्हणा. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय बोलायला तोंड उघडत नाही. तपासायला आलेलं माणूस असो की वसुलीला, आधी चहा. कलाअक्कांनी आम्हा दोघींना दुधाचा चहा दिला. मग दुसऱ्या भांड्यातला काळाभोर चहा बशीत ओतला, बाटलीच्या टोपणात मोजून औषध घेतलं, बशीत टाकलं, बोटाने ढवळलं आणि चारुलताच्या तोंडाला लावलं. डॉक्टरीणबाई आपण औषध नीट देतो की नाही ते बघायलाच आल्यात, तर बघू देत, असा त्यांचा थाट होता.

डॉक्टरीणबाईंचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.

"आजी, रोज असंच देता?"

"रोज. एक थेंब वाया जात नही. दूध बी नही टाकत."

डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही, हे त्यांचं मला आवडलं. त्या म्हणाल्या, "आजी, चूक माझी. दुधाचं सांगितलं, चहाचं सांगायला हवं होतं. चहा दुधापेक्षा वाईट. लोह रक्तात जाऊच देत नाही. जेवणातलंही नाही, औषधातलंही नाही. तुम्ही दिलेलं बहुतेक सगळं तसंच्या तसं बाहेर गेलं."

कलाअक्का बशीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती चारुलताच्या हातातून काढून घेतली आणि राहिलेला औषधाचा चहा स्वतः पिऊन टाकला. टाकून द्यायचं त्यांना सुचलं नसावं.

"मीच पाजं," त्या म्हणाल्या. हात पुढे करून पुन्हा म्हणाल्या, "मना हातघाई पाजं."

मला त्यांची फार दया आली. आयुष्यात पहिल्यांदा आली, त्यामुळे काय करायचं ते कळेना. मी कपबशा विसळल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात चहा बंद झाला. नुसता पोरीचा नाही. पोरीने बघितला तर मागेल, म्हणून कलाअक्कांनी स्वतःचाही सोडला. ज्या बाईचा दिवस चहाशिवाय उजाडत नव्हता, ती डोक्याला फडकं आवळून बसायला लागली. पाहुण्यालाही चहा नाही, त्यामुळे पाहुणे कमी झाले, पण त्याला इलाज नव्हता. औषध लिंबाच्या पाण्यात, मागून गुळाचा खडा. भाकरीबरोबर पालेभाजी, एक दिवसाआड अंडं. मागची भिंत त्यांनी ओल्या शेणाने सारवून घेतली.

चारुलताने चहासाठी बशी उचलून आणली, आजीपुढे धरली, तशीच धरून उभी राहिली. आजी देईना. तेव्हा ती रडली, पण अगदी हलकं, लांबून येणाऱ्या आवाजासारखं. कलाअक्का तोंड फिरवून बसल्या.

दिवस जात राहिले. गल्ली आपल्या कामाला लागली. पुढच्या तपासणीची गाडी यायला अजून अवकाश होता आणि त्या घरात कुणी तिचं नावही काढत नव्हतं.

एका दुपारी योगराज बोंबलत घरात आला. त्याच्या मनगटाच्या वर गोल खूण, लालभडक, मध्ये थुंकी. हातपंपापाशी टायर फिरवत होता, म्हणाला, चारुलताने मागितला, दिला नाही, तर चावली.

माझं डोकं सणकलं. इतके दिवस त्या पोरीच्या नावाने माझा उद्धार झाला होता. मी योगराजला दंडाला धरून फरफटत नेला आणि कलाअक्कांच्या दारात उभी राहिले. त्या मेथी निवडत होत्या.

"अक्का, तुमच्या शहाण्या नातीने काय केलं ते बघा."

त्यांनी चष्मा शोधला. योगराजचा हात धरून उजेडाकडे वळवला.

"हाई चारुनं काम शे?"

"मग काय मी चावले माझ्या पोराला?"

त्यांनी वरच्या दातांच्या खुणेवरून बोट फिरवलं, मग खालच्या. एकही दात उमटायचा राहिला नव्हता.

"बठ्ठा दात उठेल शेतस," त्या हळूच म्हणाल्या. "मेघा, कितला जोर लागना व्हई तिले."

आणि त्या रडायला लागल्या. चष्मा न काढता, पदर तोंडाला लावून. मी तयारीनिशी भांडायला गेले होते, सगळं तोंडाशी आलं होतं. ते तिथेच राहिलं. योगराजचंही रडं थांबलं, कारण त्याच्यापेक्षा मोठ्याने दुसरं कुणीतरी रडत होतं.

"चारे, इकडे ये," कलाअक्कांनी हाक मारली.

"नही," दाराआडून आवाज आला. "येत नही. जा."

कलाअक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मी ऐकलं की नाही याची खात्री करून घेतली आणि पुन्हा योगराजच्या हातावर वाकल्या. तो हात सोडवून घेऊ लागला, तशी मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. त्यांचं अजून बघून व्हायचं होतं.