तानुबाईंच्या नावाचा फळा

मी एक जुना सागवानी फळा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला अजून साबणाचा आणि शेवाळाचा वास येतो, हे मला ठाऊक आहे. सहा वर्षं मी अकोल्यातल्या एका नामांकित वकिलाच्या न्हाणीघरात त्याच्या पायाखाली होतो. त्या दिवसांची मला किळस येते. पण त्याआधी सात वर्षं मी गळ्यात झेंडूची माळ घालून नाट्यगृहाच्या दाराशी उभा राहत असे. त्या मानाच्या दिवसांमधला एक दिवस असा आहे की त्याची किळस मला न्हाणीघराहून जास्त येते. तोच सांगायला बसलो आहे.

माझं लाकूड मेळघाटातलं. आधी मी कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या दाराचा भाग होतो. कापसाच्या हंगामात बैलगाड्यांची ही रांग लागायची, आणि गाडीवाले माझ्यावर हाताचा चुना पुसायचे. तेही बरं होतं म्हणायचं. निदान चुना उघड पुसत होते.

एकोणीसशे चोपन्न साली जिनिंगचं दार बदललं. तेव्हा मोरोपंत देवपुजारी वकिलांनी माझ्या दोन फळ्या उचलून आणल्या. सुताराकडून त्या जोडून घेतल्या आणि मागून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. त्यांनी नुकतंच ‘नवांक नाट्यमंडळ’ काढलं होतं. मंडळात माणसं दहा-बारा, सामान एका खटाऱ्यात मावेल एवढं, पण बाणा मोठा. जुन्या नाटकांना हात लावायचा नाही. दर वेळी नवी एकांकिका, एकदा अकोल्यात, एकदा अमरावतीत, आणि पुन्हा म्हणून करायची नाही. शिळं वाढायचं नाही, असं मोरोपंत म्हणत.

मला काळा रंग दिला तो पुंजाराम पेंटरने. हा पुंजाराम मोठा शिस्तीचा माणूस. मंडळाचं नाव आणि लेखकाचं नाव तो पक्क्या तेलरंगात काढी, कारण ते बदलत नसे. लेखक कायम मोरोपंतच. एकांकिकेचं नाव तेवढं खडूच्या भुकटीत डिंक घालून केलेल्या कच्च्या रंगात. प्रयोग झाला की ओल्या फडक्याने पुसलं, पुढच्या वेळी नवं लिहिलं. माझ्या अंगावर काय टिकायचं आणि काय पुसायचं, हे असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

मोरोपंतांनी आणखी एक नियम केला होता. फळ्यावर ज्याचं नाव, त्यानेच तिसऱ्या घंटेआधी रंगमंचावर जाऊन नारळ फोडायचा. लेखकाचा मान हो! नियम छान होता. मलासुद्धा आवडायचा, मी तेव्हा भोळा होतो.

तालमी जठारपेठेत वकिलांच्याच ओसरीवर चालत. मी भिंतीला टेकून सगळं ऐकत असे. मोरोपंतांची भाषा म्हणजे कोर्टातला अर्ज. त्यांच्या नाटकातली शेतकऱ्याची बायको नवऱ्याला म्हणायची, ‘नाथ, आपण माझ्या भावनांचा विचार केला नाहीत.’ किसनराव नावाचे आमचे एक नट होते, पेशाने शाळामास्तर. ते असलं वाक्य ऐकून पानाचा तोबरा सावरत तोंड फिरवून हसत.

कोपऱ्यात तानुबाई पुंडकर नाटकाचे कपडे शिवत बसायच्या. या हिवरखेडच्या. नवरा गेला, दिरांनी काळ्या जमिनीतून काढून दिलं, तेव्हा शिलाई मशीन घेऊन अकोल्याला आल्या. एक दिवस सुई तोंडातून काढून त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, राग नोका मानू. अशी कोनती बाई बोलते? ती म्हनन, माहं तं काई खरंच नाई या घरात, म्हशीले तरी इचारता तुमी.”

ओसरी हसली. मोरोपंतांनी ते वाक्य लिहून घेतलं. मित्रांनो, त्या दिवसापासून ते रोजच लिहून घेऊ लागले. तानुबाई काज करता करता बोलायच्या, मोरोपंतांची पेन्सिल चालायची, आणि प्रयोगाला टाळ्या पडायच्या. माझ्यावर नाव मोरोपंतांचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण तानुबाईंची तेव्हा तक्रार नव्हती. बोललेलं काय, वाऱ्यावर जातं, असं त्या म्हणायच्या.

मग त्या प्रौढांच्या वर्गात जाऊ लागल्या आणि लिहायला शिकल्या. एकोणीसशे अठ्ठावन्नच्या दिवाळीत त्यांनी एक वही आणून मोरोपंतांपुढे ठेवली. बेचाळीस पानांची, दोऱ्याने स्वतः शिवलेली. एकांकिकेचं नाव ‘हिश्शाची चूल’. एक विधवा दिरांकडे आपला वाटा मागते आणि वेगळी चूल मांडते, एवढीच गोष्ट. मोरोपंतांनी ती ओसरीवर वाचली. वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडकला, हे मी कबूल करतो. माणूस अगदी दगड नव्हता. दगड असता तर मला इतका राग आला नसता.

“यात मी एक अक्षर बदलणार नाही,” ते म्हणाले. “नाव तुमचंच लागेल, तानुबाई.”

“फळ्यावर?” त्यांनी विचारलं.

“फळ्यावर.”

तानुबाई उठून माझ्याजवळ आल्या. मोरोपंतांच्या नावाच्या जागेवर त्यांनी बोट फिरवलं, लांबी किती आहे ते पाहिल्यासारखं. मग म्हणाल्या, “मोठं हाय. माहं मावन.” त्यांना आयुष्यात तेवढंच हवं होतं. ना माळ, ना पदक. सातबाऱ्यावरून गेलेलं नाव एका फळ्यावर यावं, एवढंच.

पुंजारामने मोरोपंतांचं नाव खरवडून काढलं आणि तिथे ‘लेखिका : तानुबाई पुंडकर’ असं लिहिलं. तेलरंगात. लेखकाचं नाव पक्क्यात, ही त्याची रीत.

अकोल्यातला प्रयोग लांबला, म्हणून पहिला मान अमरावतीला मिळाला. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही सकाळीच पोचलो. स्पर्धा होती, संध्याकाळी सहाला प्रयोग. मला सतरंजीतून सोडवून दाराशी उभं केलं. तानुबाई धुवट पांढरं लुगडं नेसून आल्या होत्या. पदराच्या गाठीत नारळ होता. बाजारात दहा नारळ कानाशी हलवून त्यातला भरल्या पाण्याचा त्यांनी निवडला होता, ते त्या किसनरावांना सांगत होत्या. आणि किसनरावांचा चेहरा उतरला.

ते मोरोपंतांना बाजूला घेऊन गेले. बाजूला म्हणजे माझ्या मागे. फळ्याला कान नसतात असं लोकांना वाटतं.

“मोरोपंत, नारळ त्या फोडणार?”

“नियम आहे.”

“मुहूर्ताचा नारळ विधवेच्या हातून? नट मंडळी कुजबुज करून राहिली. पुढे बसणाऱ्या बाया उठून जातील.”

मोरोपंतांनी दाराशी जमणाऱ्या गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाले, “मला स्वतःला काही नाही हो. पण प्रयोग मंडळाचा आहे.”

शी! हे वाक्य ऐकलं आणि माझ्या सागाला वाळवी लागल्यासारखं झालं. मला स्वतःला काही नाही! अहो, नाटक कोणावर? विधवेवर. तिला घरात मान द्या, असं कोणाला सांगायचं? समोरच्या लोकांना. आणि नारळ फोडायची वेळ आली की तिचा हात अशुभ. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या समोरच्या बायांना तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या नावावर हे आपलीच घाण खपवत होते.

पुंजारामला बोलावलं. त्याने ओलं फडकं फिरवलं, नाव हललं नाही. “हा पक्का हाय साहेब,” तो म्हणाला. “लेखकाचं नाव पक्क्यातच करतो आपन.”

“मग काळा मार वरून.”

“पालिश पेपर मारल्याबिगर काळा धरत नाई. पापुद्रा निंघते.”

“आजचा दिवस धरला तरी पुरे.”

तेवढ्यात तानुबाई आल्या. पुंजारामच्या हातातला काळा ब्रश त्यांनी पाहिला, आणि त्यांना सगळं कळलं. त्या रडल्या नाहीत. पदराची गाठ सोडून नारळ त्यांनी मोरोपंतांपुढे धरला.

“वकीलसाहेब, नारळ तुमी फोडा. मले त्याची हाव नाई. नाव काहून पुसता?”

“ज्याचं नाव त्याचा नारळ, तानुबाई. नियम आहे.”

“नियम तुमीच केला ना?”

“म्हणून तर मला मोडता येत नाही.”

वकील तो वकील. बाईचं नाव मोडता आलं, स्वतःचा नियम मोडता आला नाही. पुंजारामने खाली मान घालून काळा फिरवला, आणि तो वाळल्यावर कच्च्या रंगात मोरोपंतांचं नाव लिहिलं. थंड रंग होता, पण मला चटका बसला. लोक जवळ येऊन वाचू लागले आणि मी ते खोटं छातीवर घेऊन उभा राहिलो. लाकडाला कूस बदलता येत नाही.

नारळ मोरोपंतांनी फोडला, तानुबाईंनी निवडलेला तोच. पाणी भरपूर निघालं म्हणे. भिंतीपलीकडून मला नाटक ऐकू येत होतं. शेवटी ती विधवा दिरांना विचारते, “काम करायच्या टायमाले मी घरातली, आन नाव लिवाच्या टायमाले बाहेरची?” या वाक्यावर जी टाळी पडली, तशी मी त्या सात वर्षांत दुसरी ऐकली नाही. पहिला नंबर आला. पुढच्या रांगेतली एकही बाई उठून गेली नाही. वकिलीणबाई, रमाबाई, त्या तर डोळे पुसत बाहेर आल्या आणि माझ्याजवळच नवऱ्याला म्हणाल्या, “बाईचं मन तुम्हाला इतकं कळतं, मला माहीत नव्हतं.” मोरोपंत हसले. खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून तानुबाईंच्याही हातावर ठेवला गेला. त्यांनी तो माझ्या पायाशी ठेवला आणि स्टेशनची वाट धरली.

त्या पुन्हा ओसरीवर आल्या नाहीत. मोरोपंतांच्या नाटकात पुन्हा ‘नाथ, आपण’ सुरू झालं. लोक जांभया देऊ लागले, आणि एकसष्ट साली मंडळ मिटलं. न्हाणीघराची फरशी निसरडी होती, म्हणून मला तिथे आडवा टाकला.

पुढचं काय सांगू! मळकं पाणी, साबणाची साय, चूळ, थुंकी. पण कढत पाण्याने एक काम केलं. पुंजारामचा शब्द खरा ठरला, काळ्या रंगाचा पापुद्रा सुटू लागला. एक दिवस मोरोपंत खाली पाहतात तर तानुबाईंचं नाव! त्यांनी मला उलटा टाकला, तर वर आलेल्या पट्ट्यांना पाय अडून ते आपटता आपटता वाचले. मग पुन्हा सुलटा करून वर पोतं अंथरलं. मला बाहेर काढायचं, पुन्हा रंगवायचं, काही म्हणजे काही नाही. रोज सकाळी ते त्या नावावर उभे राहून स्तोत्र म्हणत अंघोळ करत. आता सांगा, घाण कुठली, मोरीतली की वरची?

सदुसष्ट साली ते पोतं कुजलं. रमाबाईंनी ते फेकलं आणि नारळाची शेंडी घेऊन मला घासायला बसल्या. घासता घासता त्यांचा हात थांबला. मोरोपंत कोर्टाला निघाले होते.

“अहो, ‘हिश्शाची चूल’ कोणी लिहिली?”

मोरोपंतांनी कोटाची गुंडी लावली. “तिचीच होती. पण तेव्हाची परिस्थिती तुला ठाऊक नाही.”

“मी पुढच्या रांगेत होते,” रमाबाई म्हणाल्या. “मी उठून गेले असते, असं तुम्ही धरलंत?”

मोरोपंत कोर्टाला निघून गेले. रमाबाईंनी मला एकटीने ओढत बाहेर आणलं आणि रस्त्यावरच्या ओट्याला, वकिलांच्या नावाच्या पाटीखाली, उन्हात उभं केलं. पक्षकार येत, दोन्ही नावं वाचत. कोणी विचारलं तर त्या म्हणत, “वाळायला ठेवलाय.” तीन दिवस मी वाळत होतो. मोरोपंत त्या तीन दिवसांत मागच्या दाराने ये-जा करत होते. चौथ्या दिवशी रमाबाईंनी मला टांग्यात घातलं आणि तानुबाईंच्या दाराशी नेलं.

तानुबाई चष्म्याआडून माझ्याकडे पाहत राहिल्या. नाव त्यांनी वाचलं, मोठ्याने वाचलं नाही. मग एकच विचारलं, “वही हाय का?”

रमाबाईंना याच प्रश्नाची भीती होती. तीन दिवस त्यांनी कपाटं धुंडाळली होती. वही मंडळाच्या कागदांबरोबर केव्हाच रद्दीत गेली होती. प्रयोग पुन्हा करायचाच नाही, मग ठेवायची कशाला?

“मंग नुसत्या नावाचं काय करू, बाई?” तानुबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी आता त्यांच्या घरी कापड बेतायचा फळा आहे. नावाची बाजू वर असते. गुरुवारी रमाबाई नवी वही घेऊन येतात, तानुबाई कात्री चालवता चालवता आठवेल ते सांगतात. अकरा पानं झाली आहेत. मधलं भांडण आठवत नाही, आणि आठवलं तरी तसं जमत नाही, असं त्या म्हणतात.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला तेल लावा, उन्हात ठेवा, असं मी म्हणत नाही. माझं लाकूड अजून घट्ट आहे. पण ‘मला स्वतःला काही नाही’ असं म्हणून कोणी तुमच्यादेखत एखाद्याचं नाव पुसायला निघालं, तर त्याचा हात तेव्हाच धरा. मी धरू शकलो नाही, मला हात नव्हते. तिथे उभ्या असलेल्या बारा जणांना होते.