पक्की खबर

लॉन्ड्रीत सगळे तिला वहिनीच म्हणत. कारण तिचा दीर. तो तिच्या आधीपासून तिथे कामाला होता आणि मशिनच्या घरघरीवर आवाज चढवून दिवसभर ‘वहिनी, वहिनी’ करायचा. ऐकून ऐकून बाकीच्यांनीही तेच नाव उचललं. तिथे हॉस्पिटलांच्या चादरी यायच्या. रक्ताच्या, पुवाच्या, आणखी कशाकशाच्या. सुरुवातीला वहिनीच्या घशाखाली घास उतरत नव्हता, मग उतरायला लागला. माणूस कशालाही सरावतो, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

मूळची ती शिवणकामातली. घराजवळ कपडे दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिने एका कोटाला लावलेलं अस्तर तिथल्या शिंपीणबाईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि त्या म्हणाल्या, “ये माझ्याकडे. हात चांगला आहे तुझा.” वहिनी तरंगतच घरी आली. आणि त्याच आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर तो मेसेज येऊन धडकला.

‘नवा नियम. पुढच्या महिन्यापासून काम बदलणाऱ्याचं वर्क परमिट रद्द. कुटुंबासकट मायदेशी परत पाठवणार. सरकारी माणसाकडून पक्की खबर. आपल्या माणसांना कळवा.’

नवऱ्याची डिलिव्हरीची गाडी, मुलीची शाळा, सगळं वहिनीच्या परमिटवर उभं होतं. तिने शिंपीणबाईंना नाही म्हणून कळवलं.

एवढ्यावर निभावलं असतं तर तिने ते नशिबावर ढकललं असतं. पण धुलाईतली चिमणी तिच्याकडे आली. अंगाने इवलीशी, म्हणून ती चिमणी. ब्लीचने तिचे तळवे सोलवटले होते, बोटांच्या बेचक्यांतून पाणी येत होतं. डॉक्टरने हे काम सोडायला सांगितलं होतं.

“काय करू वहिनी? सोडू?”

“थोडी कळ काढ गं. मेसेज वाचलास ना?”

चिमणीने कळ काढली. एका दुपारी ती मोरीपाशी हातमोजा काढायला लागली, तर तो निघेना. ओढला तेव्हा आतून चामडीचा पापुद्रा चिकटून आला. वहिनीने ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून परमिट ऑफिस गाठलं.

खिडकीतल्या बाईने मेसेज वाचला आणि चष्मा वर सरकवला. “हे आमचं नाही.”

“म्हणजे नियम मागे घेतला का?”

“आलाच नव्हता, तर मागे काय घेणार? काम बदला, नव्या मालकाचं पत्र आणा, आम्ही परमिटवर नाव बदलून देतो. मी इथे बसते तेव्हापासून हेच चालू आहे.” तिने नियमाचा छापील कागद काढून दिला. “घाबरलेले पुष्कळ असतील. विचारायला तुम्ही तेवढ्या आलात.”

बाहेर पडल्यावर वहिनीला हलकं वाटलं, पण बसस्टॉपपर्यंतच. मग डोकं तापायला लागलं. हे लिहिलं कोणी? दुसऱ्या दिवशी तिने इस्त्रीवालीला विचारलं. तिला ड्रायव्हरने पाठवलेला. ड्रायव्हरला पॅकिंगमधल्या मावशींनी.

“मला तुझ्याच दिराने गं,” मावशी म्हणाल्या. “म्हणून तर पुढे पाठवला. दुसऱ्या कुणाचा असता तर उघडलासुद्धा नसता. तुमचं घर विश्वासाचं.”

रात्री दीर जेवायला बसला होता. वहिनीने उभ्या उभ्याच विचारलं, “भाऊजी, परमिटचा मेसेज कुठून आला?”

त्याने मानही वर केली नाही. “तो होय? मीच लिहिला. मॅनेजरसाहेब म्हणाले, माणसं टिकत नाहीत, काहीतरी कर. सुपरवायझरची जागा निघतेय वहिनी. आपल्याच घरात येईल.”

“चिमणीचे हात बघितलेत?”

“हातमोजे नीट घालायचे ना.” त्याने वाटी पुढे केली. “आणि तुम्ही त्या शिवणाच्या दुकानात जाणार होतात, तिथे काय ठेवलंय? मी घराचाच विचार केला.”

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्याचा पेला उगाच फिरवत होता. “चुकलंच त्याचं,” तो म्हणाला. “पण आता बाहेर वाच्यता नको. घरातली गोष्ट आहे.”

इतकी वर्षं घाण उपसली, पण अशी शिसारी तिला कधी आली नव्हती. तिने ती वाटी तशीच ठेवली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने कागद सगळ्यांसमोर वाचला. मेसेज कुणी लिहिला, तेही सांगितलं. चिमणी तिथेच रडायला लागली. इस्त्रीवाली मात्र म्हणाली, “पण काहीतरी असल्याशिवाय असं लिहिलं असेल का?” वहिनीला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आवाज ऐकून मॅनेजर बाहेर आला. तोंडात साखर घोळवत म्हणाला, “अरे, मीसुद्धा वाचून घाबरलो होतो! ज्याने हा खोडसाळपणा केला त्याची गय करणार नाही.” आणि त्याने सरळ दिराकडे बघितलं.

संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. “वहिनी, गैरसमज झाला म्हणून सांगा ना सगळ्यांना. तुमचं ऐकतात.”

“ऐकतात, म्हणूनच ते खोटं माझ्या जिवावर खपवलंत.”

तो रडायला लागला. त्या रडण्याचीही तिला किळस आली, आणि किळस आली याचं जराही वाईट वाटलं नाही.

चिमणीने काम सोडलं. ती आता खेळण्यांच्या गोदामात आहे. हात भरून आलेत, डाग राहिलेत. शिंपीणबाईंनी तोवर दुसरी मुलगी ठेवली होती. त्यांनी वहिनीला ताटकळत ठेवलं आणि अखेर अर्ध्या दिवसाचं काम दिलं. सुपरवायझर बाहेरून आणला. दीर लॉन्ड्रीजवळ खोली घेऊन राहायला गेला. नवरा रविवारी त्याला भेटून येतो.

“वहिनी बोलत नाहीत म्हणून त्याला फार लागलंय,” एकदा परत आल्यावर तो म्हणाला. “पुढच्या रविवारी येऊ दे का इकडे?”

“येऊ देत,” ती म्हणाली. “दार उघडीन, जेवायला वाढीन. माझ्याशी बोलायला मात्र येऊ नका म्हणावं.”