दुसऱ्याच्या पोटाचा आकडा

क्रेनवाल्याला भीती दोनच गोष्टींची: वाऱ्याची आणि स्वतःच्या पोटाची. वारा निदान आधी कळतो हो, पोट कुठलं कळवायला! उंच इमारतीच्याही वर, काचेच्या त्या खुराड्यात एकदा चढून बसलं की उतरायला नुसती शिडी, आणि त्याच्या मोठ्या आतड्यातल्या जखमा शिडी संपेपर्यंत दम धरत नाहीत. म्हणून तो सकाळी तोंडात काही घालायचा नाही. तरी कळ यायचीच. मग टांगलेलं लोखंड तसंच अधांतरी ठेवून दातओठ खात बसायचा, आणि खालचे मजूर त्याच्या नावाने खडे फोडायचे. पण बोलणार कुणाजवळ? आजार कळला असता तर त्याला कायमचं खाली उतरवलं असतं, आणि दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं.

कंपनीच्या तपासणीत रक्तातली सूज दाखवणारा सीआरपी अगदी नॉर्मल आला. गड्याला वाटलं, सुटलो. पण डॉक्टरीणबाई बारा गावचं पाणी प्यालेल्या. त्याचे खोल गेलेले डोळे बघून म्हणाल्या, सूज आतड्यापुरती असेल तर रक्त कधीकधी ताकास तूर लागू देत नाही. शौचाचा नमुना आणा, त्यातलं कॅल्प्रोटेक्टिन बघू.

झालं! इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्याने नमुन्याची डबी धाकट्या भावापुढे धरली. भाऊ सुतार, अंगापिंडाने दणकट, दगड पचवील असं घरात सगळे म्हणत. बायकोला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. चोरी करायचीच तर माणसाने सोन्याची तरी करावी, म्हणाली. एरवी धाकट्याने महिनाभर चिडवून सळो की पळो केलं असतं. या वेळी मुकाट्याने डबी घेतली आणि सकाळी भरून दिली.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं. आकडा पन्नासच्या आत हवा होता, तो दोन हजारांच्या वर गेला होता.

“तुम्ही उभे तरी कसे राहता?” त्यांनी विचारलं. क्रेनवर चढणं आजपासून बंद, उद्या सकाळी दाखल व्हा, आतड्याची दुर्बीण लगेच करू.

हा आकडा माझा नव्हे, हे वाक्य त्याच्या ओठापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. खरं बोलावं तर लबाडी उघडी पडणार. गप्प राहावं तर भावाच्या दुखण्याचं औषध आपल्या पोटात जाणार, आणि भाऊ तसाच राहणार. हातपाय बांधून कुणी पोत्यात घातल्यासारखं त्याला झालं.

घरी आला तेव्हा धाकटा मागच्या खोलीत फळीवर रंधा मारत होता. रिपोर्ट आलाय, एवढंच क्रेनवाला म्हणाला.

“किती आला?” धाकट्याने मान वर न करता विचारलं.

धडधाकट माणूस ‘पास झालास का?’ असं विचारतो. क्रेनवाल्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

“मलाही शौचातून रक्त पडतंय, दादा,” धाकटा म्हणाला. “बरेच महिने झाले. तुझे हाल बघत होतो, म्हणून बोलायचा धीर झाला नाही. वाटलं, तुझ्या नावावर तरी कळेल.”

त्याच्या कानाखाली द्यावी असं क्रेनवाल्याला वाटलं. मग त्याला आठवलं की लपवायचं कसं, हे याला शिकवलं कुणी. तो तिथेच भुशात बसून राहिला आणि रडला.

सकाळी दाखल व्हायला दोघे गेले. डॉक्टरीणबाईंनी क्रेनवाल्यापुढे सहीचा कागद सरकवला. त्याने तो भावाकडे ढकलला.

“तो आकडा याचा आहे बाई,” तो म्हणाला. “माझा अजून काढायचाय.”