दहाव्या सेकंदाची खिडकी

सन नव्व्याण्णवची गोष्ट. जळगावच्या दवाखान्यात सोहनलाल शेठजी अखेरच्या घटका मोजत होते, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाने, ज्ञानचंदने, वेबसाइट बनवणाऱ्या अभिमनला दुकानात बोलावलं.

"आमच्या दुकानाचं पान उघडलं की दहा सेकंदांनी बाबूजींच्या निधनाची खिडकी आपोआप उघडली पाहिजे. परदेशातल्या पाहुण्यांना कळेल. आताच करून ठेव, ऐनवेळी धांदल नको."

जित्या माणसाच्या फोटोला हार घालायचा म्हणजे अभद्रच! अभिमनच्या जिवावर आलं, तरी त्याने स्क्रिप्ट लिहिली, दुकानाच्या कॉम्प्युटरवर चालते का पाहिलं आणि बंद करायची राहून गेली.

शेठजी मात्र वाचले. महिन्याभराने काठी टेकत दुकानात आले, तेव्हा ज्ञानचंद आणि अभिमन कॉम्प्युटरपाशीच होते. "दाखव रे आपलं पान," ते अभिमनला म्हणाले.

दुकानाचं नाव झळकलं, तसे शेठजी खुलले. अभिमनला एकदम आठवलं, त्याने माऊसकडे झडप घातली. पण दहा सेकंद भरले होते.

हार घातलेला स्वतःचा चेहरा शेठजींनी निरखून पाहिला. खाली 'शोकाकुल' म्हणून पोरांची नावं होती, निधनाच्या तारखेची जागा मात्र कोरी होती.

"फोटो चांगला निवडलास, ज्ञानचंद," ते म्हणाले. "तारीख तेवढी माझ्यामुळे अडली."