त्या नावाचं कुणी नाही

"हॉबर्ट नेपिअर इथंच राहतो ना?"

फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसानं विचारलं. हातात फाइल, कमरेला शेरीफच्या ऑफिसचा बिल्ला. मी पडवीत बसून घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवत होते. हिवाळ्यासाठी वाळवतो आम्ही. मी मान वर न करता म्हटलं, "त्या नावाचं इथं कुणी नाही."

हॉबर्टचे बूट माझ्या पायाशी उन्हात वाळत होते. तेरा नंबरचे, अवाढव्य. तो माणूस बुटांकडे बघत राहिला.

"मग हे कुणाचे?"

"माझे," मी म्हटलं, आणि पुढच्या शेंगेत सुई घातली.

तो आणखी चार घरं फिरला. आमच्या खोऱ्यात एकूण घरं नऊ. त्या चारही घरांतून त्याला हेच उत्तर मिळालं. समोरच्या डोव्हीनं तर कहर केला. नेपिअर लोक कधीच ओहायोला निघून गेले, म्हणाली, आणि बोट दाखवलं ते माझ्याच घराच्या धुराड्याकडे. त्यात तिचा काही दोष नाही. बिल्ला लावलेल्या माणसानं आपल्यातल्या कुणाचं नाव घेतलं की ते नाव आपण कधी ऐकलेलंच नसतं, हे आम्हाला बोलायला लागायच्या आधी कळतं. माझा बाप डोंगरात चोरून दारू गाळायचा, तेव्हापासूनची ही रीत. दारू संपली, बाप संपला, रीत राहिली.

संध्याकाळी हॉबर्ट लाकडाच्या गिरणीतून आला. मी मोठ्या दिमाखात त्याला सांगितलं की तुझ्या मागावर शेरीफचा माणूस आला होता, पण आईनं कसा परतवला बघ. तो पायरीवर बसला आणि बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला.

"आई," तो म्हणाला, "मी शेरीफच्या हाताखाली डेप्युटीच्या जागेसाठी अर्ज केलाय. मला ओळखणाऱ्या पाच जणांची नावं मागितली होती त्यांनी. पहिलं तुझं दिलं."

खाण बंद पडल्यावर तेहतिसाव्या वर्षी या मुलानं शाळेची राहिलेली परीक्षा दिली होती. मला वाटलं, कुठं तरी दुकानात वगैरे लागायचं असेल. पण या जागेसाठी तो दीड मैल धावून आला होता, लेखी परीक्षा देऊन आला होता, डोक्याच्या डॉक्टरला भेटून आला होता. खोटं पकडायच्या यंत्राला हात बांधून बसला होता आणि तेही पास झाला होता. मला एका शब्दानं बोलला नाही, कारण मी फाटकाला कुलूप घातलं असतं. घातलंच असतं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. त्यानं ते मला वाचून दाखवलं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर कुणाच्याही ओळखीचा नाही, असं त्यात होतं. पुढचा अर्ज एक वर्षानं.

"वीस वर्षांत पहिलाच उमेदवार म्हणे मी," हॉबर्ट म्हणाला, "ज्याला त्याची आईसुद्धा ओळखत नाही."

तो हसला तेव्हा. मीही हसले. पण त्या रात्री तो जेवला नाही, आणि घेवडा आणि मक्याचा पाव समोर असताना हॉबर्ट जेवला नाही असं त्याआधी एकदाच झालं होतं.

ते एस्टिलच्या वेळी. एस्टिल माझा नवरा. खाणीत छत खाली आलं त्या दिवशी एक डेप्युटी आमच्याकडे आला होता. चांगला माणूस होता, टोपी हातात धरून उभा होता. म्हणाला, "बाई, एस्टिल गेला." मी विचारलं, कुठं गेला? आमचे पुरुष जायचेच तेव्हा, काम कमी झालं की ओहायोला, मिशिगनला, गाड्यांच्या कारखान्यात. मला वाटलं, मला न सांगता निघून गेला. मला इतका राग आला की त्या डेप्युटीसमोरच मी एस्टिलला दोन-चार शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याला पुन्हा तोंड उघडवेना. तो पायरीवर मान खाली घालून बसून राहिला. मी संध्याकाळपर्यंत ताट झाकून ठेवलं होतं, राग होता तरी. मग डोव्ही आली आणि रडायला लागली, तेव्हा मला कळलं. नवऱ्याला शिव्या घालून निरोप दिलेली बाई आहे मी. हे हॉबर्टनं दारात उभं राहून पाहिलं होतं. केंडल, धाकटा, तेव्हा पाळण्यात होता.

पुढल्या वर्षी मी चर्चचा निळा झगा घातला आणि स्वतः शेरीफच्या ऑफिसात गेले. सकाळी आठपासून बाकावर बसले. शेरीफ आला तसं त्याला सांगितलं, हॉबर्ट नेपिअर माझा मुलगा आहे, तुमच्या माणसाला विचारायची रीत नाही, म्हणून गेल्या खेपेला गोंधळ झाला. त्यानं विचारलं, बाई, मुलाबद्दल वाईट असं काही? मी म्हटलं, घोरतो. तंबाखू चघळतो. लग्न केलं ते वाईट केलं, ते मोडलं हे चांगलं झालं. नऊ वर्षांचा असताना पाद्र्याच्या खिडकीची काच फोडली, पण पाद्री त्याच लायकीचा होता. शेरीफ सगळं लिहून घेत होता. शेवटी मी म्हटलं, आणि तो खोटं बोलत नाही, हे आमच्या घरात कुणाकडून शिकला मला माहीत नाही.

त्याला घेतलं. वीस आठवडे शिकायला गेला. परत आला तेव्हा न्यायाधीशासमोर शपथ होती. आमच्या केंटकीत शपथेत एक जुनं वाक्य आहे. मी कधी कुणाशी हत्यारानं द्वंद्व खेळलो नाही, कुणाला तसं आव्हान दिलं नाही, असं प्रत्येकाला हात वर करून म्हणावं लागतं. ते आलं की कोर्टात सगळे हसतात. केंडलनं माझ्या कानात विचारलं, "गेल्या ख्रिसमसला माझा दात पाडला, ते धरत नाहीत का?" मीही हसू दाबत होते. आज ते वाक्य आठवतं. पिस्तुलांचं विचारतात. भावांचं काहीच विचारत नाहीत.

मी माझे नियम घातले. बंदूक गाडीत. बिल्ला खिशात. टोपी फाटकाच्या खांबावर. बिल्ल्याची टोपी या घराच्या आत आलेली नाही, मी जिवंत असेपर्यंत येणार नाही. हॉबर्टनं वाद घातला नाही. नऊ वर्षं दर रविवारी गावातल्या त्याच्या खोलीवरून आला की तो फाटकाशी थांबायचा, टोपी खांबावर ठेवायचा आणि मगच आत यायचा. पाऊस असला तरी. कोर्टाचे कागद घरोघर पोचवणं, कैद्यांना गाडीतून नेणं, कुणाच्या अंत्ययात्रेपुढे दिवा लावून गाडी चालवणं, असं त्याचं काम. जेवताना सांगायचा कधी कधी. एकदा म्हणाला, "आई, निरोप कसा द्यायचा याचा आम्हाला अख्खा एक धडा होता. आधी विचारायचं, आपण बोलतोय तो माणूस तोच ना. मग सांगायचं. 'गेला' म्हणायचं नाही. 'मेला' म्हणायचं." आणि माझ्याकडे न बघता पाव कुस्करत राहिला. "मी वर्गात हात वर करून सांगितलं, का ते मला माहीत आहे."

खोरं त्याला हळूहळू विसरलं. डोव्हीच्या पडवीसमोरून तो गेला की बोलणं बंद व्हायचं. ज्या मुलाला तिनं तिच्या पोरांबरोबर धुतलं-पुसलं होतं, त्याला ती 'डेप्युटी' म्हणायला लागली. मला त्याचं वाईट वाटत होतं, पण आतून थोडं बरंही वाटायचं. वाटायचं, भोग. कुणी सांगितलं होतं?

केंडलची पाठ लाकडं तोडताना गेली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. डॉक्टरच्या गोळ्या संपल्या, मग दुसऱ्या कुणाच्या सुरू झाल्या, आणि मग गोळ्याही राहिल्या नाहीत, त्याहून वाईट काही तरी आलं. तो काही वाईट मुलगा नव्हता. घरात आला की मला उचलून गोल फिरवायचा, पाठ दुखत असली तरी. पकडला गेला, सुटला, कोर्टाची तारीख होती त्या दिवशी गेला नाही. मग त्याच्या नावानं वॉरंट निघालं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, आई, चार दिवस. मी त्याला वरच्या अंगाला, एस्टिलच्या आईच्या जुन्या तंबाखूच्या कोठारात ठेवलं. सकाळी जेवण घेऊन चढायचे.

सप्टेंबरातला मंगळवार होता. मी पडवीत शेंगा ओवत होते. गाडी थांबली. हॉबर्ट उतरला, पण टोपी डोक्यावरच होती. तो फाटकाशीच थांबला आणि परका माणूस हाक मारतो तशी त्यानं हाक मारली, "घरात कुणी आहे का?"

माझा मुलगा. माझ्याच फाटकातून.

"दिसतंय की," मी म्हटलं.

"केंडल कुठं आहे, आई?"

मी सुई थांबवली नाही.

"माझ्याकडे कागद आहे त्याच्या नावाचा," हॉबर्ट म्हणाला. "ऐकून घे. तुरुंगात नर्स आहे. चार दिवस थरथरेल, ओकेल, तुला-मला शिव्या घालेल. पण दाराला बाहेरून कुलूप असेल. तिथं तो जगेल. हल्ली बाहेर जो माल मिळतोय ना, त्यापायी मी आठवड्याला एका घरी टोपी काढून उभा राहतोय. मला तुझ्याकडे तसं यायचं नाही."

तो एवढं लांबलचक कधी बोललेला मला आठवत नाही. मी त्याच्या टोपीकडे पाहिलं. बापाच्या घरात, नवऱ्याच्या घरात जे ऐकलं, जे बोलले, ते सगळं तोंडात आपोआप आलं.

"त्या नावाचं इथं कुणी नाही," मी म्हटलं.

माझ्या शेजारी बाकावर फडक्यात बांधलेली थाळी होती. वरून उतरताना रिकामी आणलेली, दोघांचे दोन चमचे तिच्यावर. हॉबर्टनं ती पाहिली. मग त्यानं कोठाराकडे जाणाऱ्या पायवाटेकडे पाहिलं. दहा मिनिटांची चढण. लहानपणी दोघं तिथंच लपायचे माझ्यापासून. तो कितीतरी वेळ त्या वाटेकडे बघत होता. मग त्यानं खिशातून पेन काढलं, कागद फाटकाच्या खांबावर ठेवला आणि काही तरी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"आढळला नाही," तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

मला वाटलं, मी जिंकले. त्या दिवशी डोव्हीला सांगितलंसुद्धा.

गुरुवारी माझा गुडघा सुजला. शुक्रवारी चढवेना. पाव आहे त्याच्याकडे, ताकाची बाटली आहे, उद्या जाऊ, असं म्हटलं.

शनिवारी सकाळी डोव्हीचा नवरा जिनसेंगची औषधी मुळं विकायला म्हणून खणायला वर गेला होता. तो उतरताना मी पाहिला. पिशवी मोकळी होती आणि तो माझ्या घराकडे न बघता गेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दोन तासांनी हॉबर्टची गाडी आली. शेरीफ दुसऱ्या कुणाला पाठवत होता, हे नंतर कळलं. हॉबर्ट म्हणाला होता, नको, मीच जातो. तो गाडीतून उतरला तेव्हा टोपी डोक्यावर नव्हती. हातात होती. तो फाटकाशी थांबला नाही, हाक मारली नाही, टोपी खांबावर ठेवली नाही. सरळ पडवीच्या पायरीशी आला. मी उठून उभी राहिले. मांडीवरच्या शेंगा खाली पडल्या.

वर्गात शिकवलं होतं तसं, पाठ केल्यासारखं त्यानं विचारलं. मला वाटतं, धरायला त्याच्याकडे तेवढंच होतं.

"तुम्ही व्हर्डी नेपिअर ना?"

"हो."

"केंडल नेपिअरला ओळखता?"

माझ्या ओठांवर ते दुसरं वाक्य होतं. आयुष्यभर होतं. मी ते गिळलं.

"ओळखते," मी म्हटलं. "माझा धाकटा."

"केंडल मेला, आई," हॉबर्ट म्हणाला. "वर कोठारात. बहुतेक गुरुवारीच."

कुठं, म्हणून मी विचारलं नाही.

आम्ही पायरीवर बसलो. निरोप दिल्यावर दुसरं कुणी येईपर्यंत घरातल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. डोव्ही तिच्या पडवीत उभी होती, इकडे यायचं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. हॉबर्ट म्हणाला, "मला माहीत होतं तो वर आहे."

"तुला माहीत आहे, हे मला माहीत होतं," मी म्हटलं.

यापलीकडे त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आजपर्यंत नाही.

टोपी अजून त्याच्या हातातच होती. तो ती बोटांनी गोल गोल फिरवत होता, कडेकडेनं, कुठं ठेवावी ते न कळल्यासारखी. मी ती त्याच्या हातातून घेतली. इतकी वर्षं खांबावर पाहिली होती, कधी हात लावला नव्हता. वाटली होती तेवढी जड नव्हती. घरात एस्टिलचं खाणीतलं शिरस्त्राण अडकवायचा खिळा आहे, रिकामाच असतो. मी ती आत नेली आणि त्यावर अडकवली.

डोव्ही आल्यावर हॉबर्ट उठला. त्याला परत कामावर जायचं होतं, कोठाराशी. टोपी मागायला तो आत आला नाही. उघड्या डोक्यानं पायवाट चढून गेला.