कवड्यांचा पट्टा

"दीदी, आधी बूट बुडवा, मग जीपमध्ये बसा," पुंडलिकने मला दटावलं. सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यात आम्ही लंपीने आजारी पडलेल्या गुरांच्या अंगावरच्या खपल्या गोळा करायला गेलो होतो. मी नुकतीच पीएचडी घेऊन आलेली, तो आमच्या जबलपूरच्या प्रयोगशाळेतला जुना अटेंडंट. पण गोठ्याच्या दारात साहेब तोच असायचा. घमेल्यात औषधाचं पाणी, त्यात आधी बूट, मग हात, मग चिमटे. क्रम चुकला की बोलणी ठरलेली. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता त्या बोलण्यांसाठी जीव तुटतो.

परतीच्या रस्त्याला तो वडिलांच्या गोष्टी सांगे. बाबाराव थर्मासमध्ये बर्फ आणि गुरांच्या बुळकांडी रोगाची लस घेऊन याच गावांतून सायकलने हिंडत. घराणं मूळ वर्ध्याकडचं. छप्पन साली राज्यांची फेररचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेलं, बाबारावांची नोकरी इकडे मध्य प्रदेशात राहिली, आणि ही मंडळी जबलपूरकर झाली. बुळकांडी संपली तेव्हा बाबाराव मुलाला म्हणाले होते की आता तुला काही काम उरणार नाही. हे सांगताना पुंडलिक पोट धरून हसायचा. निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना लंपी आला आणि गड्याच्या अंगात पुन्हा वारं शिरलं.

त्या दिवशी बेबीताईंच्या गोठ्यात त्याला उशीर झाला. त्यांच्या गाईच्या खपल्या आम्ही आठवड्यापूर्वी नेल्या होत्या. आदल्या दिवशी ती गेली होती. बेबीताई सत्तरीच्या पुढच्या, माहेर अमरावतीकडचं. बाबारावांना त्यांनी कैक वेळा ताक पाजलेलं, त्यामुळे पुंडलिक त्यांना घरचाच. मी जीपमध्ये कंटाळून बसले होते. तो आला तेव्हा डोळे लाल होते, म्हणून मी काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यात, त्याच्या स्वतःच्या अंगणात, मुनियाच्या अंगावर गाठी उठल्या. मुनिया म्हणजे त्याची एकुलती एक गाय. दिवस भरत आलेले, म्हणून लस टोचायचं पुढे ढकललं होतं. तिच्या खपल्या त्याने स्वतःच काढून आणल्या, नळीवर नंबर घातला आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. फॉर्मवर 'लागण कशी झाली असावी' असा रकाना असतो. तिथे त्याने 'माशा' असं लिहायला सांगितलं. आठव्या दिवशी मुनिया पोटातल्या वासरासकट गेली. राधाबाई, त्याची बायको, मला म्हणाल्या की माणूस तीन दिवस जेवला नाही.

विषाणूच्या जनुकांची अक्षरं वाचून अहवाल आला तो दिवाळीनंतर. सिहोऱ्याकडच्या सगळ्या नमुन्यांत एका जागी बारा अक्षरं गळलेली होती. शहरातल्या गोठ्यांतल्या विषाणूत ती शाबूत होती. फक्त मुनियाच्या विषाणूत ती नव्हती. मी तीनदा तपासलं. सिहोऱ्याची माशी चाळीस किलोमीटर उडून थेट पुंडलिकच्या अंगणात उतरत नाही. हा विषाणू कोणीतरी आणला होता, आणि कोणी, ते मला कळलं होतं. मी गप्प राहायचं ठरवलं. रकान्यात माशा आहेत, माशाच राहू देत. विज्ञानाशी ही बेइमानी होती, पण त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

पण त्याला कोण फसवणार? पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेली. संगणकावर शहराचे निळे ठिपके होते, सिहोऱ्याचे लाल, आणि लाल घोळक्यात गोरखपूरचा एक निळा. तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"ही आमची मुनिया न?"

मी मान हलवली.

"बेबीताईनं तिच्या गाईच्या गळ्यातला कवड्यांचा पट्टा देल्ला होता," तो म्हणाला. "म्हने, तुही गाय व्याणार हाय, माह्या गाईचं दूध तिच्यात उतरू दे. बाबाले ताक पाजणारी बाई, दीदी. नाही कसं म्हणू? साबणानं धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला, अन् बांधला."

"दोऱ्यात खपलीचा चुरा राहिला असेल," मी म्हटलं.

"मले माहीत हाय. तुमाले मीच तर शिकवून राहिलो होतो." त्याने मुनियाचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "माशा खोडा. पट्टा लिहा. गावागावात लोकं असेच पट्टे देऊन राहिले असतील."

मी खोडलं आणि लिहिलं. लिहिताना मला रडू आलं, आणि पाणी आणायला प्रयोगशाळेतल्या मीराला हाक त्यानेच मारली.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच गावी गेलो. मेलेल्या गुरांचे पट्टे, दावी, घंटा कोणाला देऊ नका, जाळण्यासारखं असेल ते जाळा, असं पुंडलिकनेच चौकात सगळ्यांना समजावलं. लोकांनी ऐकलं. बेबीताई मागे उभ्या होत्या. गर्दी पांगल्यावर त्या हळूहळू पुढे आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पुंडलिक, मी तुले तो पट्टा देल्ला होता. तुही गाय?"

पुंडलिकने डोक्यावरची टोपी काढून नीट घडी केली.

"तो मी बांधलाच नाही, ताई. जीपमध्येच राहून गेला, मंग जाळून टाकला. मुनिया बढिया हाय. व्याली. कालवड झाली."

बेबीताई तिथेच ओट्यावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. मग लगबगीने आत जाऊन त्यांनी व्यालेल्या गाईसाठी गूळ आणि मेथीची पुडी आणली. पुंडलिकने ती दोन्ही हातांनी घेतली.

"कालवडीचं नाव काय ठेवलं?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही ठेवलं. तुम्हीच सांगा."

बेबीताईंनी थोडा विचार केला. "पारू ठेव," त्या म्हणाल्या.

"पारू," पुंडलिक म्हणाला, आणि घरी जाऊन हाक मारायची असल्यासारखं त्याने ते नाव पुन्हा एकदा नीट म्हणून पाहिलं.